बोळापलीकडची पंगत

माळीवाडा, नगर
ता. ४ जुलै १९४९

गं. भा. इंदू हीस दमयंतीचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. तुझ्याशी तोंडानं बोलणार नाही आणि तुझ्या उंबऱ्याला पाय लावणार नाही, अशी शपथ मी चैत्रात देवासमोर घेतली, ती मोडायची नाही. पण लिहिणार नाही असं काही मी म्हटलं नव्हतं. तुझ्या-माझ्या मागच्या दारांमध्ये एक बोळ तेवढा आहे, दहा पावलांचा. तरी हे पाकीट पोस्टात जाईल आणि कारभारी पोस्टमन ते अख्ख्या गल्लीला वळसा घालून तुझ्याकडे आणील. हसला तर हसू दे.

मुद्द्याचं लिहिते. घर सोडताना तू मोठं पितळी पातेलं नेलंस, ते सासूबाईंनी मला दिलेलं आहे, थोरली सून म्हणून. तीन महिन्यांनी कशी आठवण झाली म्हणशील. लंकाबाईनं करून दिली. ती दोघींकडची भांडी घासते, त्यामुळे तुझ्याकडचं सगळं तिला कळतं आणि मी न विचारता ती मला सांगते. परवा म्हणाली, "त्या पातेल्यानंबी भागंना आता धाकल्या बाईंचं. कालेजातली लई पोरं येत्यात. दुसरी पंगत बसवाया लागती." मी म्हटलं, बसू देत, मला काय त्याचं?

खरंच मला काही नाही. तुझं बरं चाललं म्हणून माझ्या पोटात दुखायला मी काही परकी नव्हे. दोघे भाऊ दोन वर्षांच्या अंतरानं गेले, तेव्हा आपण दोघी जावांनीच ही खानावळ काढली. चूल तुझ्याकडे, वाढणं आणि माणसं सांभाळणं माझ्याकडे. पाच वर्षं चांगलं चाललं, आणि दोन वर्षांपूर्वी कॉलेज निघाल्यावर तर बावीस पानं झाली. ते सगळं माझ्या शिस्तीवर झालं असं मला वाटायचं. तुला काय वाटायचं ते तू कधी बोलली नाहीस. न बोलणं हा तुझा जुनाच हट्ट.

चैत्रात मी बोलले ते उगाच नव्हे. आमटीची पळी तू तोंडाशी नेलीस ती मी या डोळ्यांनी पाहिली. नैवेद्याआधी चाखलेलं अन्न उष्टं झालं, ते देवाला कसं दाखवायचं? आपल्या घरात मीठ वासावरून ओळखायचं, जिभेवरून नाही, हे सासूबाईंनी आपल्याला पहिल्या दिवशी शिकवलं. बावीस पानांसमोर बोलायला नको होतं एवढं फार तर मी कबूल करीन.

पातेलं लंकाबाईच्या हाती पाठव. आणि तुझ्या लसणीच्या फोडणीचा वास थेट माझ्या माजघरात येतो, डोकं उठतं. खिडकी लावून घेत जा.

दमयंती


माळीवाडा, नगर
ता. २२ जुलै १९४९

इंदू हीस आशीर्वाद.

पातेलं आलं. आतून-बाहेरून चिंचेनं लख्ख घासून पाठवलंस. एवढं घासायची गरज नव्हती. टोमणा कळला मला.

एक गंमत लिहिते. आपला रविकांत, अकोल्याच्या मास्तरांचा मुलगा, परवा एकादशीला खाडा सांगून गेला. "काकू, आज उपास आहे, माझं पान मांडू नका." मला कौतुक वाटलं. दुपारी मला वेशीतल्या मारुतीला जायचं होतं, म्हणून छत्री घेऊन निघाले. मारुतीला जायचं होतं हेही खरं, आणि आपली पोरं दुपारची जातात कुठे ते एकदा पाहायचं होतं हेही खरं. आता तुझ्यापाशी काय लपवायचं?

वेशीतल्या मिसळीच्या हॉटेलात बाकड्यावर कोण? तर रविकांत. पुढ्यात कांदाभजी, वर तळलेली मिरची, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून खातोय. मी काही म्हटलं नाही, फक्त छत्री मिटून समोर उभी राहिले. बिचाऱ्यानं हातातलं भजं खिशात घातलं.

तिथून मी कॉलेजकडे चालत गेले. पायाचे तुकडे पडले, पण गेले. फाटकाशी एक म्हातारी पेरूच्या फोडींना तिखट-मीठ लावून देते, तिच्याभोवती दहा-बाराजण. स्टेशनच्या रस्त्याला भेळवाला, त्याच्याकडे सहा. पलीकडे एक चहावाला पावाबरोबर उसळ देतो, तिथे उभ्याउभ्या खाणारे किती ते मोजताच येईनात. दुपारचं जेवण म्हणजे आंघोळ करून पाटावर बसायची गोष्ट, ती यांनी रस्त्यावर आणून ठेवली आहे. तरी सांगते, त्या सगळ्यांचा मला राग आला नाही. भेळ ती भेळ, त्यानं घर मोडत नाही.

राग आला तो येताना तुझ्या पुढच्या दारावरून आले तेव्हा. तुझ्या ओट्याखाली वहाणांची ही रास. मी उभी राहिले नाही, चालताचालता जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. आपल्याकडून गेलेली तेरा पोरं तिथे होती आणि शेतकऱ्यांची पोरं त्यांच्याच ओळीत, मांडीला मांडी लावून. कोपरगावकडचा तो धिप्पाड मुलगा, बन्सी का कोण, ओरडत होता, "मावशी, आजून येक भाकर टाका! असं पिठलं आमच्या आईलाबी जमत न्हाई!" आणि तू हसत होतीस. इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तुला इतकं तोंडभर हसताना मी पाहिलं नव्हतं.

मला ती काकू म्हणतात आणि तुला मावशी. आईची बहीण म्हणजे सख्खी, चुलत्याची बायको म्हणजे वेगळ्या चुलीची. हे कोणी शिकवलं त्यांना? मी त्यांची दुखणी काढली, घरी पत्रं लिहिली, परीक्षेच्या दिवसांत पहाटे उठवलं. तू चुलीपुढून वर मान केली नाहीस कधी, आणि मावशी तू!

माझ्याकडे आता नऊ पानं आहेत. तुला लंकाबाईनं सांगितलंच असेल, म्हणून मीच लिहिते.

दमयंती


माळीवाडा, नगर
ता. ९ ऑगस्ट १९४९

इंदू हीस आशीर्वाद.

उत्तर नाही. बरं. मीही उत्तरासाठी लिहीत नाही.

काल श्रावणी सोमवार. संध्याकाळी देवळाचे आप्पासाहेब आले होते. लघुरुद्राचं जेवण करायचं आहे, चाळीस पानं, सोवळ्यात. आधी तुला सांगायचं त्यांच्या मनात होतं. "धाकट्या बाईंच्या हाताला चव आहे हो," असं माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिता पिता म्हणाले. मग आवाज खाली आणून विचारलं, "पण त्या नैवेद्याआधी चाखतात असं कानावर आलंय. तुमच्याच घरातलं बोलणं, म्हणून तुम्हांला विचारतो. खरं आहे का?"

मी पदर सावरला आणि खाली पाहत राहिले. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. ते "समजलो" म्हणून उठले. काम त्यांनी तुलाही दिलं नाही आणि मलाही दिलं नाही. पलीकडच्या आळीतल्या आचाऱ्याला दिलं.

मी काही खोटं बोलले नाही. एक शब्द तोंडातून काढला असेल तर दाखवून दे.

रात्री, हे सगळं तुझ्याकडे सांगून आलेली लंकाबाई म्हणाली, "धाकल्या बाई आज जेवल्या न्हाईत. पोरांना वाढलं, हसल्या-बोलल्या, आन् मंग मागच्या पायरीवर बसून ऱ्हायल्या." तेव्हा सुरुवातीला मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. भाताचा पहिला घास घेईपर्यंत बरं वाटत होतं. मग पान तसंच सारून मी उठले.

पिठल्याला लसूण फार घालतेस. काल वासानं झोप लागली नाही.

दमयंती


माळीवाडा, नगर
ता. २८ ऑगस्ट १९४९

इंदू,

आशीर्वाद वगैरे आज राहू दे.

काल चतुर्थी. लंकाबाईला ताकीद दिली होती की इकडचं तिकडे काही सांगू नकोस, म्हणजे तिनं नक्कीच सांगितलं असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

श्रावणात आणखी पाच पोरं तुझ्याकडे गेली, माझ्याकडे चार पानं उरली. रविकांत आणि आणखी तिघं, ज्यांना गावी जाता आलं नाही ते. मी पहाटे तीनला उठले, सोवळ्यानं सगळं केलं. मोदक, वरणभात, अळूची भाजी, कटाची आमटी. नैवेद्य दाखवला, आरती झाली, पोरं पानांवर बसली. पहिला भात झाला, आमटी वाढली आणि पंगत गप्प झाली. एरवी ही पोरं मिटक्या मारतात, एकमेकांना चिमटे काढतात. काल कोणी मान वर करीना. देवाचा प्रसाद, त्याला नावं ठेवायची नाहीत, पानात टाकायचं नाही, म्हणून चौघं खाली बघून गिळत होती. रविकांतनं तर दुसऱ्यांदा मागितली. "काकू, आमटी आणा." मी वाढली. त्यानं ती भातात कालवून एका दमात संपवली आणि तांब्या तोंडाला लावला तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं मिरची लागली.

ती उठून गेल्यावर लंकाबाईनं तिच्या वाटणीची आमटी भाकरीला लावली आणि तशीच थुंकली. "आवो थोरल्या बाई, ह्यो काय समिंदर केलाय! मोदकात साखर म्हनून काय घातलं बगा आदी!"

मोदकात साखर होती. तेवढी लाज देवानं राखली. आमटीत मात्र मीठ दोनदा पडलं होतं, की तीनदा, कोण जाणे. मी वाटीभर तोंडात घेतली. इंदू, मला काहीच कळलं नाही. कोमट पाणी प्यावं तसं.

आता ऐक. वैशाखातल्या त्या एकवीस दिवसांच्या तापातून मी उठले ती नाक आणि जीभ घालवून उठले. वैद्य म्हणाले, येईल हळूहळू. नाही आलं. हिंग जाळला तरी कळत नाही, दूध उतू जाऊन करपलं तरी डोळ्यांनी धूर पाहीपर्यंत कळत नाही. नैवेद्याआधी चाखायचं नाही, आणि मीठ ओळखायला वास नाही. म्हणून मी चिमटी मोजून घालते, आणि मधे कोणी हाक मारली की घातलं की राहिलं ते विसरते. आषाढात तर मी दार लावून चोरून चाखलंसुद्धा होतं, नैवेद्याआधी. उपयोग झाला नाही. ज्याबद्दल तुला घराबाहेर काढलं तेच मी केलं, आणि तेही फुकट गेलं.

तुझ्या फोडणीचा वास येतो म्हणून दोन पत्रांत लिहिलं, ते खोटं. बोळातून जाणारी माणसं क्षणभर थांबतात, नाक वर करतात आणि हसतात, ते मला खिडकीतून दिसतं. तेवढ्यावरून मी समजते की तुझी फोडणी पडली. मग माझा जो जळफळाट होतो, तो मात्र खरा आहे.

हे कोणाला सांगू नकोस. खानावळ चालवणाऱ्या बाईला चव कळत नाही, हे कळलं तर ही चारही पानं जातील.

दमयंती


माळीवाडा, नगर
ता. ६ सप्टेंबर १९४९

इंदू हीस आशीर्वाद.

तू कोणाला सांगितलं नाहीस. मला वाटलं होतं सांगशील. मी तुझ्या जागी असते तर सांगितलं असतं.

गेल्या मंगळवारी साडेअकराला लंकाबाई बोळातून ओरडली, "थोरल्या बाई, आमटीचं पातेलं मागल्या दारात आना आन् झाकन काढा, आसं म्हनत्यात." मला आधी काही समजेना. मी पाटावर पातेलं ठेवलं, झाकण काढलं. तू तुझ्या पायरीवर उभी, पदर खोचलेला. पुढे आली नाहीस. वाफ बोळातून तुझ्याकडे गेली, तू डोळे मिटलेस आणि लंकाबाईला म्हणालीस, "मीठ अर्धी चिमूट हवं म्हणावं. आणि सुपारीएवढा गूळ." ती तुझ्यापासून तीन हातांवर, मी तिच्यापासून तीन हातांवर, दोघींना सगळं ऐकू येतंय, तरी तिनं माझ्याकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "मीठ आर्दी चिमूट. सुपारीयेवडा गूळ." आणि मग आपली आपणच खो-खो हसली. मला हसू आलं होतं. तुलाही आलं असावं, कारण तू घाईनं आत गेलीस.

वास घेतल्यानं उष्टं होत नाही. शास्त्रात बसतं ते. मीठ घातलं, गूळ घातला, नैवेद्य दाखवला. असं पाच दिवस झालं.

पाचव्या दिवशी रविकांत भुरका मारून म्हणाला, "काकू, आज अगदी इंदूमावशींसारखी झालीय!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझं कौतुकच करत होता बिचारा. मी वाढपाची पळी खाली ठेवली, आत गेले आणि उरलेली आमटी मोरीत ओतली. लंकाबाई बघत होती. त्या दिवसापासून पातेलं मागच्या दारात आणलं नाही. तू तीन दिवस साडेअकराला पायरीवर येऊन उभी राहिलीस, तेही मी खिडकीच्या फटीतून पाहिलं.

माझ्या घरात, माझ्या चुलीवर, माझ्या हातानं केलेली आमटी, तीही तुझीच. मग माझं काय राहिलं? मला तुझा हेवा वाटतो, इंदू. नुसता थोडा नव्हे, सकाळी डोळा उघडल्यापासून वाटतो. तुझ्या दारातल्या वहाणांचा, तुझ्या हाताचा, तुझ्या नाकाचासुद्धा. आणि तू मदत केलीस की जास्तच वाटतो.

काल लंकाबाईबरोबर तुझा निरोप आला. "पत्रं बास करा म्हनावं. ज्या पंगतीत बोलल्या, त्या पंगतीत बोला. मंग बगू." पाच महिन्यांत मीठ-गुळाखेरीज तुझं एवढंच बोलणं, आणि तेही माझ्या वर्मावर बसलं.

विचार करते आहे.

दमयंती


माळीवाडा, नगर
ता. १२ सप्टेंबर १९४९

इंदू हीस दमयंतीचे अनेक आशीर्वाद.

विचार झाला. आधी खरं काय ते तुला लिहून देते. तुला ते माहीतच आहे, पण मी ते कधी कबूल केलं नाही.

तू चाखलं नव्हतंस. पळी नाकाशी नेली होतीस, जिभेशी नव्हे. हे मला त्याच घटकेला दिसलं होतं.

मग मी का ओरडले ते ऐक. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तू बाहेर बसली होतीस. महिन्यातले ते चार दिवस चूल माझ्याकडे असायची. मी जीव ओतून करायची. मनात म्हणायची, बघू आज कोणाला फरक कळतो का. तेव्हा माझं नाक शाबूत होतं, जीभ शाबूत होती, मीठ नेमकं पडायचं. चौथ्या दिवशी मी वाढत असताना, त्याच सकाळी गावाहून परतलेल्या एका पोरानं पहिला घास घेतला आणि काळजीनं विचारलं, "काकू, मावशींना आज बरं नाही का?" त्याच्या मनात काही वावगं नव्हतं. त्याला तू बाहेर बसलीस हेही ठाऊक नव्हतं. एका घासावरून त्यानं ओळखलं की आज तू नाहीस. मी "बरी आहे" म्हटलं आणि पुढच्या पानावर गेले. बावीसही पानं वाढून होईपर्यंत माझ्या कानात तेच वाक्य घुमत होतं.

दुसऱ्या दिवशी तू चुलीपाशी परत आलीस, पळी नाकाशी नेलीस, आणि पंगतीला नुसत्या वासानंच उत्साह आला. मला ते बघवलं नाही. मी ओरडले, "चाखलीस! देवाच्या आधी चाखलीस!" तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता तू नाही म्हणशील आणि मी म्हणेन, बरं, मला तसं दिसलं असेल. तू नाही म्हणाली नाहीस. पळी खाली ठेवलीस, हात धुतलेस आणि पेटी भरायला गेलीस. मी थांबवलं नाही. उलट शपथ घेतली, म्हणजे थांबवायची वाटच राहू नये.

आज सकाळी आप्पासाहेबांकडे जाऊन आले. त्यांना सांगितलं की ती चाखत नाही, कधीच चाखत नव्हती, मी त्या दिवशी गप्प बसले ते पाप केलं. ते म्हणाले, "आता काय उपयोग? लघुरुद्र झाला." मग म्हणाले, "लोकांच्या कानात एकदा गेलेलं मी कसं काढू? तुम्हीच काढा."

दुपारी माझ्या चौघांना वाढून झाल्यावर पंगतीसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. नाकाचंही सांगितलं. रविकांतनं हात थांबवला, म्हणाला, "काकू, आम्हांला माहीत आहे. चतुर्थीपासून माहीत आहे." मी विचारलं, "मग जेवायला का येता रे?" तर तिघं खाली बघायला लागले आणि रविकांत म्हणाला, "तुम्ही एकट्या पडाल म्हणून." इंदू, चव घेऊन येणारी सगळी तुझ्याकडे गेली आणि माझी कीव करणारी चार तेवढी माझ्याकडे उरली. मी त्यांना म्हटलं, उद्यापासून माझ्याकडे चूल पेटणार नाही.

पण ज्या पंगतीत बोलले ती पंगत बावीस पानांची होती. त्यांतली चार माझ्याकडे होती, अठरा तुझ्या खोलीत बसतात. तेव्हा उद्या बाराला मी येते; पोस्टाला उशीर होईल, म्हणून हे पत्र लंकाबाईच्या हाती देते. मागच्या दारानं नाही, पुढून, त्या वहाणांवरून. शपथ मोडेल, मोडू दे, देवाला काय सांगायचं ते मी सांगीन. तुझ्या सगळ्या पोरांसमोर उभी राहून बोलीन, आणि तुझ्या शेतकरी पोरांसमोरही, कारण तुझं नाव आता त्यांच्याही तोंडी आहे.

बोलून झाल्यावर मला जेवायला वाढ. वेगळं, भिंतीकडेला, सोवळ्याचं पान मांडू नकोस. त्या बन्सीच्या शेजारी मांड. मी हसून खेळून जेवेन असं वचन देत नाही. पोरं "मावशी, मावशी" करायला लागली की माझं तोंड वाकडं होईल, तेव्हा माझ्याकडे बघू नकोस.

पाच वर्षं तू रांधलंस, मी वाढलं, आणि सगळ्यांचं झाल्यावर आपण दोघी उरलंसुरलं गार खात बसलो. तुझ्या हातचं गरमगरम, पंगतीत बसून, मी कधी खाल्लंच नाही. आता खाईन तर मला त्यातलं काही कळायचं नाही. तेव्हा ते किती चांगलं झालंय हे मला कोणीतरी सांगावं लागेल. तू सांगू नकोस, मला सोसायचं नाही. बन्सीला सांगू दे.

दमयंती